बागेतल्या मांगरांचीही नोंद हवी

रत्नागिरीतल्या हापूसच्या बागा आज बऱ्याच अंशी नेपाळी कामगारांच्या जिवावर चालतात. मालगुंड-गणपतीपुळ्यापासून पावसपर्यंत राखण, फवारणी, काढणी, पेट्या भरणे ही कामे तेच करतात. मिरकरवाड्याच्या मच्छीमार नौकांवरही खलाशी म्हणून तेच असतात. बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपीत, बायकामुलांसह बिऱ्हाड असते.

भारत-नेपाळमधल्या १९५०च्या करारामुळे त्यांना इथे राहण्याची, कामाची मुभा आहे. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारही मोफत आहेत. अडते ते पुढे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया करायची तर शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला लागतो. नोंदीचेही तसेच. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा स्वयंसेविका असते आणि ती वाडीवार घरे फिरते. दोन वाड्यांच्या मधल्या कलमांत असलेला मांगर कोणत्याच वाडीत धरला जात नाही. मग गरोदर बाईची पहिल्या बारा आठवड्यांतली नोंद हुकते, नवव्या महिन्यातली बाळाची गोवर-रुबेलाची लस राहते. कातकऱ्यांचे हालही कमी नाहीत, पण आदिम जमात म्हणून सरकारदरबारी त्यांचे नाव तरी आहे.

सर्वांत मोठा धोका फवारणीचा. मोहोर आला की तुडतुडा आणि भुरीसाठी पुन्हा पुन्हा औषध मारावे लागते. उंच कलमाखाली उभे राहून नळी वर धरायची. तुषार खाली येतात ते फवारणाऱ्याच्याच तोंडावर, मानेवर. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके कातडीतूनही शरीरात जातात. घाम फुटतो, लाळ गळते, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि श्वास अडकू लागतो. वेळेत अ‍ॅट्रोपिन मिळाले तर जीव वाचतो. त्यासाठी काय फवारले हे डॉक्टरला कळायला हवे. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, आणि ती तर आपल्याच मुलखात, आपल्याच भाषेत बोलणारी होती. इथे त्रास सांगायलाही मोडकी हिंदीच. दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत न्यायची, एवढे तरी प्रत्येक बागायतदाराने आपल्या माणसांना सांगितलेच पाहिजे.

नोंदीतून सुटणाऱ्या या मांगरांवरचा उपाय नवा नाही. पोलिओ मोहिमेत वीटभट्ट्या, बांधकामे आणि भटक्यांच्या पालांच्या वेगळ्या याद्या झाल्या, पथके तिथवर गेली आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. तशीच मांगरांची यादी दर नोव्हेंबरात बागायतदारांकडून ग्रामपंचायतीने घ्यावी, प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी आणि आशाला त्या फेऱ्यांचा वेगळा मोबदला मिळावा. हंगाम संपल्यावर जी कुटुंबे नेपाळला परततात, त्यांच्या हाती मुलांचे लसीकरण कार्ड पूर्ण भरून द्यावे, म्हणजे पुढचा डोस तिकडेही घेता येईल.