मानमोडी, वडाळा आणि एका खोलीचे शहर (थ्रेड)

१/ १० जून १९१८. मुंबईतील सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. सातांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. पुढच्या काही दिवसांत पोर्ट ट्रस्ट, तारखाते, टांकसाळ आणि रेचेल ससून मिल येथील कामगार अंथरुणाला खिळले. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत ज्या साथीला पुढे 'मानमोडी' म्हणू लागले, तिची ही मुंबईतील सुरुवात.

२/ साथ आणली कोणी, यावरून लगेच वाद पेटला. आरोग्य अधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांच्या मते ती मे महिन्याच्या अखेरीस बंदरात लागलेल्या जहाजातून आली. खलाशांनाच मुंबईत लागण झाली, असा सरकारपक्षाचा दावा होता. हा वाद आजही आवडीने वाचला जातो. परंतु तो दुय्यम आहे. महत्त्वाचा प्रश्न वेगळा : शहरात शिरल्यावर साथीने कोणाला मारले?

३/ जूनची लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. बळी पडत होती ती प्रामुख्याने २० ते ४० वयोगटातील, म्हणजे घर चालवणारी माणसे. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि युद्धामुळे धान्याचे भाव आधीच चढलेले होते.

४/ आता महानगरपालिकेच्या अहवालातील आकडे पाहावेत. दर हजारी मृत्यू : युरोपीय ८.३, पारशी ९.०, भारतीय ख्रिस्ती १८.४, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२. आणि ज्यांना तो अहवाल 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणतो, त्यांच्यात ६१.६. एकच शहर, एकच विषाणू, आणि तफावत सातपटींहून अधिक.

५/ 'विषाणू जात, धर्म, श्रीमंती पाहत नाही' हे वाक्य प्रत्येक साथीत ऐकू येते. जीवशास्त्र म्हणून ते खरे आहे. इतिहास म्हणून ते दिशाभूल करते. श्वासावाटे पसरणारा विषाणू भेद करत नसेल, पण ज्या हवेतून तो पसरतो तिची वाटणी शहराने आधीच करून ठेवलेली असते.

६/ १९११ च्या शिरगणतीनुसार मुंबईचे दोनतृतीयांशांहून अधिक रहिवासी एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. परळ-लालबागच्या चाळींत त्याच खोलीत चूल, अंथरूण आणि आजारी माणूस. खोकणाऱ्याला वेगळे निजवायचे तर कोठे? अंगावर ताप काढून गिरणीत जायचे नाही, तर रोजाचे काय?

७/ आता वडाळ्याकडे येऊ. तेव्हाचा वडाळा म्हणजे शहराची वेस : मिठागरे, शेते, खाडीकाठ. जे शहराला नजरेआड हवे होते, ते येथे धाडले जाई. १८९० मध्ये म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा राहिला तो याच बाजूला. (पोवाड्यांचा संग्रह शाळिग्रामांसह प्रसिद्ध करणारे ॲकवर्थ ते हेच.)

८/ १९१५ साली पोर्ट ट्रस्टची रेल्वे बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत धावू लागली. बंदरातला माल येथून देशभरच्या लोहमार्गांवर चढे. १९१८ मध्ये ही साथ जगभर पसरली ती अशाच वाटांनी : जहाज, गोदी, रेल्वे आणि युद्धावरून परतणारे सैनिक.

९/ वडाळ्याचे तिसरे नाते सर्वांत बोलके. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून दादर-माटुंगा-वडाळा-शीव पट्ट्यात मोकळी उपनगरे वसवायची, अशी योजना होती. रुंद रस्ते, खेळती हवा, झाडे. साथीवर शहररचना हेच औषध, हा विचार मुळात योग्यच होता.

१०/ चुकले ते वाटपात. ट्रस्टने पहिल्या दोन दशकांत जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत. नव्या वसाहतींतील भूखंड मध्यमवर्गाच्या हाती जाणार होते. घर गमावलेला मजूर उरलेल्या चाळींत अधिकच दाटीने राहू लागला. प्लेगच्या नावाने झालेल्या सुधारणेतून उरलेली ही दाटी मानमोडीला आयती मिळाली.

११/ यावर एक रास्त आक्षेप आहे : तेव्हा औषध नव्हते, मग दोष कोणाला द्यायचा? खरेच आहे. इन्फ्लुएन्झाचे कारण जिवाणू असल्याचा समज तेव्हा प्रचलित होता. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढला गेला तो थेट १९३३ मध्ये. प्रतिजैविके तर त्याहून नंतरची.

१२/ परंतु औषध युरोपियनांकडेही नव्हते. त्यांच्याकडे होती स्वतंत्र खोली, पुरेसे अन्न, शुश्रूषा करणारे माणूस आणि अंथरुणात पडून राहण्याची मुभा. न्यूमोनियाशी झुंजणाऱ्या शरीराला हेच हवे असते. ८.३ आणि ६१.६ यांमधले अंतर औषधाने पडलेले नाही.

१३/ प्लेगच्या वेळी सरकार सैनिक घेऊन घरात घुसले होते. १९१८ मध्ये ते जवळजवळ फिरकलेच नाही. मदतकार्याचा मोठा भार ना. म. जोशी यांनी स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी आणि स्वयंसेवकांनी उचलला. जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणीकामगार संपावर गेले. महागाई हे उघड कारण होते. पण तीन महिन्यांपूर्वी याच चाळींतून तिरड्या निघाल्या होत्या, हे विसरून तो संप समजणार नाही.

१४/ देशभरात या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. भारताची लोकसंख्या घटली असे जनगणनेतील एकमेव दशक म्हणजे १९११ ते १९२१. महायुद्धाची स्मारके मुंबईत आहेत. मानमोडीच्या मृतांसाठी साधा दगडही सहसा दिसत नाही.

१५/ स्मारक नसले तरी चालेल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ६१.६ हा आकडा मात्र विसरू नये. वडाळ्याच्या मिठागरांभोवती आज मनोरे उभे राहत आहेत आणि दाट वस्त्याही आहेत. पुढची साथ कोठून आली याची चर्चा होईलच. त्याआधी विचारायला हवे ते हे : खोकणाऱ्या माणसाला या शहरात वेगळी खोली आहे का, आणि पगार न बुडवता घरी राहण्याची सोय आहे का?