डार्विनचे चार दिवस, दुसऱ्यांच्या मुलखात

ऑस्ट्रेलिया म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोरही सिडनीचं ऑपेरा हाउसच येत असेल. पण माझी मावसबहीण नोकरीसाठी गेली ती थेट देशाच्या वरच्या टोकाला, डार्विनला. नकाशा उघडून बघा, डार्विनहून सिडनीपेक्षा जकार्ता जवळ आहे! आपल्याकडून सिंगापूरमार्गे जाता येतं. ताईने बोलावलं, व्हिसा झाला आणि गेल्या जुलैत आई आणि मी चार दिवसांसाठी जाऊन आलो.

बडोद्यात धो धो पाऊस सोडून निघालो होतो. तिकडे आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. तिथला पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणून जायचं तर मे ते ऑक्टोबरमध्येच जा. रस्त्याकडेला चाफा, बोगनवेल, आंब्याची झाडं. "एवढं लांब येऊन कोकणातच आलो की गं," इति आई.

शहर छोटं आहे, पण सोसलंय भरपूर. १९ फेब्रुवारी १९४२ला जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. १९७४च्या नाताळात ट्रेसी चक्रीवादळाने बहुतेक घरं भुईसपाट केली. इथल्या संग्रहालयात एक अंधारी खोली आहे, तिथे त्या रात्रीच्या वादळाचा आवाज ऐकवतात. फक्त आवाज. दोन मिनिटांत आईने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही बाहेर पडलो. लहान मुलं सोबत असतील तर आधी सांगून ठेवा. त्याच संग्रहालयात पाच मीटरहून लांब पेंढा भरलेली मगर आहे, ती मात्र मुलांना फार आवडेल.

मगर म्हटल्यावर आठवलं. संध्याकाळी मिंडिल बीचवर गेलो. कोरड्या मोसमात गुरुवारी आणि रविवारी तिथे बाजार भरतो, खायची चंगळ असते आणि सूर्यास्ताला सगळे वाळूवर येऊन बसतात. आईने सवयीने चप्पल काढली आणि निघाली पाण्यात पाय बुडवायला. ताई अशी ओरडली की शेजारची चार माणसं उठून उभी राहिली. या समुद्रात मगरी असतात, पावसाळ्याच्या महिन्यांत विषारी जेलीफिशही. समुद्र बघायचा, शिरायचं नाही!

डार्विन ही लराकिया लोकांची भूमी. इथले ॲबोरिजिनल लोक आपल्या भूमीला इंग्रजीत 'कंट्री' म्हणतात. त्याचं 'देश' असं भाषांतर मला पटत नाही. आपला 'मुलूख' शब्द जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात जमीन, पाणी, नाती, गोष्टी सगळंच येतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही काकाडूला निघालो. प्रवेशाचा पास आधीच ऑनलाइन काढून ठेवला होता. जबिरू गावापर्यंत साधारण अडीचशे किलोमीटर, गाडीने तीन तास. त्या बाजूला रानम्हशी आहेत हे कळल्यावर आईचा विश्वासच बसेना. एकोणिसाव्या शतकात आशियातून आणलेल्या म्हशी सुटल्या आणि रानात वाढल्या म्हणे.

काकाडू जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटर पसरलंय. जवळच्या माद्जेदबेबे इथल्या उत्खननावरून माणसाचा इथला वावर सुमारे ६५,००० वर्षांचा असल्याचं संशोधकांनी २०१७मध्ये मांडलं. उत्तरेकडचे बिनिंज आणि दक्षिणेकडचे मुंगुय लोक सरकारसोबत मिळून या उद्यानाचा कारभार बघतात. त्यांच्या वर्षात आपल्यासारखेच सहा ऋतू आहेत. आम्ही गेलो तेव्हा वुर्गेंग चालू होता, म्हणजे थंडीचा. दुपारी घामाने भिजलेल्या आईला हे सांगितल्यावर ती नुसती हसली.

उबिरला खडकांवरची चित्रं बघताना मात्र वेळेचं भान राहिलं नाही. एक मासा असा रंगवलाय की आतले काटेसुद्धा दिसतात. एका ठिकाणी थायलसिन आहे, अंगावर पट्टे असलेला शिकारी प्राणी. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी नाहीसा झाला. आणि एका भिंतीवर शर्ट-पँट घातलेला गोरा माणूस! पाहुणे आले तेही चितारून ठेवले. माबुयूची गोष्ट तिथेच समजली. त्याची मासळी चोरली गेली. रात्री चोर ती खाऊन गुहेत झोपल्यावर त्याने गुहेच्या तोंडाशी मोठा दगड लावला. ते बाहेर आलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी ईस्ट ॲलिगेटर नदीत बोटीने फिरलो. ॲलिगेटर हे नावच चुकीचं आहे, ते इथे नाहीतच. आहेत त्या मगरी, आणि भरपूर. वाटाड्या त्याच मुलखातले, आजोबांच्या वयाचे. ते एका खडकाकडे बोट दाखवून गोष्ट सांगू लागले आणि मी सवयीने फोन वर केला. विचारलं नाही. माझं कामच ते आहे हो, दिसेल त्याचा कंटेंट करायचा. या लेखासोबत व्हिडिओही देईन असं मी ऑफिसात सांगून आले होते.

ते बोलायचे थांबले. रागावले नाहीत, फक्त माझ्याकडे बघत राहिले. मला कळायला जरा वेळच लागला. फोन खाली केला, व्हिडिओ त्यांच्यासमोर पुसला, माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि गोष्ट पुढे सुरू केली, पण मध्येच एका जागी थांबवली. मी विचारलं, "मग पुढे काय झालं?" ते म्हणाले, पाहुण्यांना इथपर्यंतच सांगतो. पुढचं सांगायचा अधिकार माझा नाही.

खरं सांगते, मला वाईट वाटलं. इतके पैसे भरून, इतक्या लांब येऊन अर्धीच गोष्ट! परतीच्या वाटेवर मी कुरकुरत होते, तेव्हा आई म्हणाली, "आपल्या गावच्या देवराईतलं काय काय तुला कधी कुणी सांगितलं? आणि तिथली काटकी तरी कुणी घरी आणतं का?" यावर मी काय बोलणार!

तर तुम्ही जाल तेव्हा चित्रांना हात लावू नका, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. नदीपलीकडच्या आर्नहेम लँडमध्ये जायचं तर परवानगी लागते, ती निघायच्या आधीच काढून ठेवा. सूर्य कलल्यावर गाडी चालवणं टाळा, वॉलाबी अचानक आडवे येतात. आणि काकाडूला किमान दोन रात्री द्या. आमची एकच झाली, ती कमी पडली.

व्हिडिओ का नाही, हे ऑफिसात सांगितलं. थोडं ऐकून घ्यावं लागलं. गोष्ट जिथवर ऐकली तिथवरही मी इथे लिहिलेली नाही, कारण लिहू का हे त्यांना विचारायचं राहून गेलं.