गुणपत्रिका पालकांना बंद, सरकारला खुली

मुलाला अमेरिकेतील विद्यापीठात पाठविण्यासाठी कर्ज काढणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पालकांना तेथील एक नियम पहिल्याच सत्रात चकित करतो. मुलाचे गुण किंवा वर्गातील हजेरी याविषयी विद्यापीठाकडे विचारणा केली, तर विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय माहिती देता येणार नाही, असे उत्तर मिळते. शुल्क आपण भरायचे आणि गुणपत्रिका मात्र पाहायची नाही, हे आपल्याकडे सहजासहजी पचत नाही. मात्र, पालकांना दारातच थांबविणारा हा कायदा सरकारपुढे कितपत टिकतो, हा अधिक गंभीर प्रश्न २०२५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या निमित्ताने ऐरणीवर आला.

'फर्पा' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा हा कायदा १९७४ चा. सिनेटर जेम्स बकली यांनी त्यासाठी पुढाकार घेतला आणि अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या स्वाक्षरीने तो अस्तित्वात आला. केंद्रीय शिक्षण विभागाच्या निधीचा लाभ घेणाऱ्या सर्व शिक्षणसंस्थांना तो लागू आहे. स्वतःच्या नोंदी मागितल्यापासून ४५ दिवसांत पाहणे, त्यातील चुकीच्या नोंदींना हरकत घेणे आणि संमतीविना त्या इतरांच्या हाती जाऊ न देणे, हे त्याने दिलेले मुख्य हक्क. शाळेत ते पालकांकडे असतात. वयाची १८ वर्षे पूर्ण होताच, अथवा महाविद्यालयात प्रवेश घेताच ते विद्यार्थ्याकडे जातात.

अपवादांची वाट

या नियमाला अपवाद आहेत. अमेरिकी प्राप्तिकराच्या दृष्टीने विद्यार्थी पालकांवर अवलंबून असेल, तर महाविद्यालय त्यांना नोंदी दाखवू शकते; दाखविलीच पाहिजे, असे बंधन नाही. अमेरिकेत कर न भरणाऱ्या भारतीय पालकांना ही वाट उपलब्धच नाही. २१ वर्षांखालील विद्यार्थ्याने मद्य किंवा अमली पदार्थांविषयीचे नियम मोडल्यास पालकांना कळविण्याची मुभा १९९८ पासून आहे. आरोग्य वा जीविताला धोका असल्यासही संमतीची गरज नसते.

या शेवटच्या अपवादाचे महत्त्व व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील हत्याकांडाने अधोरेखित केले. १६ एप्रिल २००७ रोजी तेथील एका विद्यार्थ्याने ३२ जणांचा बळी घेतला. त्याच्या वर्तनाविषयीची चिंताजनक माहिती अनेकांकडे विखुरलेली होती. परंतु गोपनीयतेचे कायदे नेमके काय सांगतात, याविषयीच्या गैरसमजामुळे ती एकत्र आली नाही, असे चौकशी समितीला आढळले. कायद्याने न घातलेली बंदी संस्थांनी स्वतःच पाळली होती. त्यानंतर २००८ मध्ये नियम अधिक स्पष्ट करण्यात आले.

दुसरीकडे, हक्कभंग झाला तर दाद मागण्याची सोय तोकडी आहे. संस्थेचा केंद्रीय निधी रोखणे ही कायद्यातील मुख्य शिक्षा. विद्यार्थ्याला या कायद्याच्या आधारे थेट न्यायालयात जाऊन नुकसानभरपाई मागता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये गोन्झागा विद्यापीठाच्या खटल्यात दिला. विद्यार्थ्याच्या हाती उरते ती शिक्षण विभागाकडे तक्रार करण्याची सोय.

परदेशी विद्यार्थ्यांचे काय?

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत संरक्षणाची ही भिंत आणखी पातळ होते. व्हिसासाठी लागणाऱ्या 'आय-२०' प्रपत्रावर विद्यार्थी स्वाक्षरी करतो, तेव्हाच त्याच्या व्हिसाच्या पात्रतेसाठी आवश्यक असलेली माहिती सरकारला देण्यास तो विद्यापीठाला संमती देत असतो. 'सेव्हिस' या संगणकीय यंत्रणेमार्फत त्याचा पत्ता, प्रवेशाची स्थिती, पूर्णवेळ अभ्यासक्रम चालू आहे की नाही, हे सारे स्थलांतर खात्याला कळत राहते.

ही देवाणघेवाण कोठे थांबावी, हाच हार्वर्डच्या वादाचा गाभा होता. १६ एप्रिल २०२५ रोजी अंतर्गत सुरक्षा खात्याने परदेशी विद्यार्थ्यांविषयी विस्तृत माहितीची मागणी केली. दिलेली माहिती अपुरी ठरवून २२ मे रोजी परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची विद्यापीठाची मान्यता रद्द करण्यात आली. ती परत हवी असल्यास परदेशी विद्यार्थ्यांवरील शिस्तभंगाच्या पाच वर्षांतील नोंदी ७२ तासांत सादर करण्याची अट घालण्यात आली. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने या निर्णयाला तात्पुरती स्थगिती दिली. अमेरिकेत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्यामुळे हा वाद एका विद्यापीठापुरता मानून भारतीय पालकांना चालणार नाही.

भारतात विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकाराखाली २०११ मध्ये मान्य केला. खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा २०१७ मध्ये मिळाला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. १८ वर्षांवरील विद्यार्थ्याची संमती ही त्याची स्वतःची, पालकांची नव्हे, हे तत्त्व त्यातही आहे. आणि सुरक्षेच्या कारणास्तव सरकारी यंत्रणांना सवलत देण्याची तरतूदही त्यात आहे.

दोन्ही देशांच्या कायद्यांतून निघणारा निष्कर्ष सारखाच आहे. पालक आणि मूल यांच्यातील प्रश्न परस्परविश्वासाने, एका लेखी संमतीपत्राने सुटण्यासारखा आहे. जाण्यापूर्वीच त्याविषयी घरात मोकळेपणी बोलणे केव्हाही हिताचे. विद्यार्थी आणि राज्यसंस्था यांच्यातील प्रश्न मात्र असा सुटणारा नाही. तेथे संमती नाकारली, तर प्रवेशच हुकतो. नकार देण्याची सोयच नसलेल्या संमतीला संमती म्हणायचे का, याचे उत्तर शेवटी न्यायालयांनाच द्यावे लागेल.