बिअर गावची, मालकी परगावची

अमेरिकेतील मिसुरी राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या सेंट लुईस शहराची ओळख असलेली अनहॉयझर-बुश ही बिअर कंपनी जुलै २००८ मध्ये बेल्जियमच्या इनबेव्हने ५२ अब्ज डॉलर मोजून पदरात पाडून घेतली, तेव्हा जगाच्या लेखी ती जागतिकीकरणाच्या वाटचालीतील आणखी एक मोठी खरेदी होती. सेंट लुईसकरांच्या दृष्टीने मात्र तो घरातील कर्ता माणूस दुसऱ्याच्या चाकरीला लागण्याचा प्रकार होता. ‘बडवायझर’ ही बिअर तेथे नुसती प्यायली जात नसे. तिच्यावर शहराचा संसार चालत होता.

या व्यवहाराला आता दीड दशकाहून अधिक काळ लोटला आहे. भावनेचा भर ओसरल्यानंतर त्याचा जमाखर्च मांडणे शक्य आहे आणि आवश्यकही. कारण या काळात सेंट लुईसमध्ये लहान लहान ब्रुअरींचे पीक आले, त्यांच्या ‘क्राफ्ट’ बिअरला चोखंदळ गिऱ्हाईक मिळाले आणि ‘मोठी गेली, पण चांगली आली’ असे समाधानाचे सूर निघू लागले. हे समाधान अर्धेच खरे आहे. चवीच्या खात्यात शहराला लाभ झाला. निर्णयाच्या खात्यात झालेला तोटा त्या लाभाने भरून आला नाही. ही दोन खाती वेगळी आहेत, हेच या कहाणीचे मर्म होय.

कंपनीचे आणि शहराचे नाते समजून घेतल्याशिवाय तोट्याचा अंदाज येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन स्थलांतरित मोठ्या संख्येने सेंट लुईसला आले. शहराखालच्या चुनखडीच्या नैसर्गिक गुहांत थंडावा असे आणि ‘लागर’ पद्धतीची बिअर मुरवण्यास तो उपयोगी पडे. १८५२ मध्ये स्थापन झालेली एक डबघाईला आलेली ब्रुअरी १८६० मध्ये एबरहार्ड अनहॉयझर यांच्या ताब्यात आली. त्यांचे जावई अडॉल्फस बुश यांनी पाश्चरीकरण आणि बर्फाने थंड राखलेले रेल्वेचे डबे यांच्या बळावर गावची बिअर देशभर नेली. १८७६ मध्ये ‘बडवायझर’ बाजारात आली. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात शेकडो ब्रुअरींना कायमचे टाळे लागले. या कंपनीने मद्यार्कविरहित पेये आणि यीस्ट विकून तग धरला. १९५३ मध्ये तिने शहराचा लाडका बेसबॉल संघ ‘कार्डिनल्स’ विकत घेतला आणि मैदानाला ‘बुश’ हे नाव मिळाले. १९९६ मध्ये संघ विकला गेला, तरी मैदानाचे नाव टिकले. विक्रीच्या वेळी अमेरिकेत खपणाऱ्या बिअरपैकी जवळपास निम्मी एकट्या या कंपनीची होती.

मग एवढा बलाढ्य गड पडला कसा? जून २००८ मध्ये इनबेव्हने समभागामागे ६५ डॉलरचा देकार दिला. बुश घराण्यातील चौथे ऑगस्ट बुश तेव्हा मुख्य कार्यकारी अधिकारी होते. संचालक मंडळाने महिनाअखेरीस देकार फेटाळला. मिसुरीचे गव्हर्नर मॅट ब्लंट यांनी विरोध केला. अध्यक्षपदाचे उमेदवार असलेल्या बराक ओबामांनीही, बडवायझरची मालकी परदेशी गेली तर ती खेदाची गोष्ट ठरेल, अशा आशयाचे मत व्यक्त केले. देकार ७० डॉलरवर जाताच जुलैच्या मध्यास सगळा विरोध विरघळला. याचे कारण साधे होते. ज्या घराण्याचे नाव बाटलीवर होते, त्याच्या हाती कंपनीचे सुमारे चारच टक्के समभाग उरले होते आणि ते घराणेही एकमुखी नव्हते; त्यातील अडॉल्फस बुश चौथे यांनी तर वाटाघाटींना जाहीर पाठिंबा दिला होता. कित्येक वर्षे ५० डॉलरच्या आसपास रेंगाळलेल्या समभागाला ७० डॉलर मिळत असताना निधी व्यवस्थापकाने शहराच्या अस्मितेसाठी ते नाकारावेत, ही अपेक्षाच भाबडी होती. कंपनी गावची आहे, ही गावाची भावना होती. भागधारकांच्या नोंदवहीत मात्र गावाचे खाते नव्हते.

नोव्हेंबर २००८ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि डिसेंबरातच अमेरिकेतील सुमारे १,४०० पदे रद्द करण्याची घोषणा झाली. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पदे सेंट लुईस परिसरातील होती. नव्या कंपनीचे प्रमुख कार्लोस ब्रिटो काटकसरीसाठी ख्यातनाम होते. दरवर्षी प्रत्येक खर्चाचे समर्थन शून्यापासून करायला लावणारी त्यांची अंदाजपत्रकाची पद्धत गाजलेली आहे. पुरवठादारांची देयके चुकती करण्याची मुदत १२० दिवसांपर्यंत लांबवली गेली. कंपनीचे करमणूक उद्यानांचे साम्राज्य २००९ मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थेला विकण्यात आले. अर्थात, इनबेव्हने अमेरिकेतील बाराही ब्रुअरी चालू ठेवण्याचे आणि उत्तर अमेरिकेचे मुख्यालय सेंट लुईसला राखण्याचे आश्वासन दिले होते, आणि जुन्या लाल विटांच्या इमारतींत बिअर बनणे थांबले नाही, हेही नोंदवले पाहिजे. तथापि विक्री आणि विपणनाची सूत्रे पुढे बऱ्याच अंशी न्यूयॉर्ककडे सरकली. गावात भट्टी राहिली, गादी गेली.

आता दुसरे खाते पाहू. अमेरिकी बिअरची चव विसाव्या शतकात उत्तरोत्तर एकसाची होत गेली होती. बार्लीच्या जोडीला तांदूळ किंवा मका वापरून केलेली फिकट, हलकी, बर्फासारखी थंड लागर हाच सर्वमान्य नमुना ठरला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस देशात शंभरही ब्रुअरी उरल्या नव्हत्या. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी घरगुती बिअरनिर्मितीला मुभा देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि हौशी मंडळींच्या स्वयंपाकघरांतून एक नवी पिढी घडू लागली. कडवट हॉप्सचा मुक्त वापर, भाजलेल्या माल्टची काळसर बिअर, उबदार तापमानात आंबवलेली फळांच्या गंधाची ‘एल’ असे विसरलेले प्रकार परतले. २००८ मध्ये देशात सुमारे दीड हजार ब्रुअरी होत्या. २०२०च्या दशकात त्यांनी नऊ हजारांचा टप्पा ओलांडला.

सेंट लुईसमध्ये हा प्रवाह उशिरा आणि दबकत आला, यात नवल नाही. टॉम श्लाफ्लाय आणि डॅन कॉपमन यांनी १९९१ मध्ये तेथे ‘श्लाफ्लाय’ ब्रुअरी सुरू केली ती बलाढ्य शेजाऱ्याच्या सावलीतच. ज्या शहरात असंख्य कुटुंबांची चूल एका कंपनीवर पेटते, तेथे दुसऱ्याची बिअर मागवणे हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. त्याला निष्ठेचा रंग चढतो. विक्रीने ही गाठ सोडवली. मालक परदेशी झाल्यावर निष्ठेचे ओझे उतरले आणि ग्राहक प्रथमच केवळ जिभेला विचारून निवड करू लागला. अर्बन चेस्टनट, फोर हँड्स, पेरेनियल, सिव्हिल लाइफ या चार ब्रुअरी एकट्या २०११ मध्ये सुरू झाल्या. त्यांतील अर्बन चेस्टनटचे संस्थापक फ्लोरियन कुपलेंट आणि डेव्हिड वुल्फ हे दोघेही अनहॉयझर-बुशमधून बाहेर पडलेले. मोठ्या कंपनीने घडवलेले कसब लहान भट्ट्यांच्या कामी आले. शहराने गमावलेल्या गोष्टीतूनच शहराला काही परत मिळाले, ते असे.

येथपर्यंतची कथा सुखान्त वाटते. पण बड्या कंपनीलाही या पसंतीचा सुगावा लागला होता. २०११ मध्ये तिने शिकागोची ‘गूज आयलंड’ ही नावाजलेली क्राफ्ट ब्रुअरी ३ कोटी ८८ लाख डॉलरना घेतली. या ब्रुअरीच्या एका लोकप्रिय बिअरचे नाव ‘३१२’, म्हणजे शिकागोचा दूरध्वनी संकेतांक. खरेदीनंतर ही बिअर न्यूयॉर्क राज्यातील बाल्डविन्सव्हिलच्या मोठ्या कारखान्यात बनू लागली. गावाचा आकडा बाटलीवर राहिला. बिअर मात्र शेकडो मैलांवरून येऊ लागली. २०१५ मध्ये तर एकीकडे ‘इलिशियन’सारखी क्राफ्ट ब्रुअरी घेण्याची घोषणा करायची आणि दुसरीकडे सुपर बोलच्या जाहिरातीत क्राफ्ट बिअरच्या शौकिनांची टर उडवायची, अशी दुहेरी चाल कंपनी खेळली. पुढे २०२३ मध्ये यांतील अनेक नाममुद्रा तिने टिलरे या कॅनडास्थित कंपनीला विकून टाकल्या. ‘स्थानिक’ हा गुण खरेदी करता येतो, आणि नकोसा झाला की विकूनही टाकता येतो, हे यातून दिसले.

याहून मासलेवाईक उदाहरण ‘बेक्स’चे. जर्मनीतील ब्रेमेन शहराची ही अभिमानाची बिअर इनबेव्हच्या पूर्वसूरी कंपनीने २००१ मध्येच घेतली होती. २०१२ पासून अमेरिकेसाठीची बेक्स बनू लागली ती सेंट लुईसमध्येच. जर्मन बिअर समजून चढा दर मोजणाऱ्या ग्राहकांनी दावा गुदरला आणि २०१५ मध्ये कंपनीला परतावा देऊन तडजोड करावी लागली. आपली बिअर परक्याच्या हाती गेली म्हणून हळहळणारे शहर दुसऱ्या शहराच्या बिअरचे ठिकाण बनले होते. भट्टी कोठेही पेटवता येते, असे एकदा मालकाने ठरवले की कोणतेच गाव अपरिहार्य राहत नाही.

लहान आकारही संरक्षण देत नाही. क्राफ्ट चळवळीची गंगोत्री मानली जाणारी सॅन फ्रान्सिस्कोची ‘अँकर’ ब्रुअरी १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी बुडता बुडता वाचवली होती. २०१७ मध्ये ती जपानच्या सप्पोरोकडे गेली आणि २०२३ च्या जुलैत बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. कामगारांनी सहकारी तत्त्वावर ती घेण्याचा प्रयत्न केला. तो फळला नाही. २०२४ मध्ये ती हमदी उलुकाया या उद्योजकाने खरेदी केली. त्याच वर्षी अमेरिकेत नव्याने उघडलेल्या क्राफ्ट ब्रुअरींपेक्षा बंद पडलेल्यांची संख्या अधिक होती. तेरा टक्क्यांच्या आसपास हिस्सा असलेल्या या क्षेत्राकडून कोण्या शहराचा संपूर्ण आर्थिक आधार होण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. पन्नास-शंभर माणसांना काम देणारी ब्रुअरी चव देते, गप्पांना जागा देते, वस्तीला रौनक आणते. संग्रहालये, विद्यापीठे आणि रुग्णालये यांच्या देणगीदारांच्या यादीत पहिल्या ओळीत बसण्याची ऐपत तिच्यापाशी नसते.

मग गावाची बिअर गावाकडे राहते तरी कशी? याचे उत्तर खुद्द ‘बडवायझर’ या नावात दडले आहे. हे नाव बोहेमियातील बुद्वाईस, म्हणजेच आजच्या चेक प्रजासत्ताकातील चेस्के बुद्येयोव्हित्से या गावावरून आले. तेथे १८९५ पासून चालणाऱ्या ‘बुद्वार’ ब्रुअरीचे या नावावरून अमेरिकी कंपनीशी शतकभर खटले चालले. ती ब्रुअरी आजही चेक सरकारच्या मालकीची आहे, म्हणूनच ती कोणाला गिळता आली नाही. सरकारी मालकी हा सर्वत्र लागू पडणारा तोडगा नव्हे. परंतु गावाचा उद्योग गावात राहतो तो चवीच्या अभिमानामुळे नव्हे, तर मालकीच्या रचनेमुळे, एवढे या उदाहरणावरून निश्चित म्हणता येते.

महाराष्ट्राला ही साखळी अगदीच परकी नाही. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथील फॉस्टर्सचा बिअर कारखाना २००६ मध्ये सॅबमिलरकडे गेला, आणि २०१६ मध्ये सॅबमिलरच इनबेव्हच्या पोटात सामावल्यावर तोही त्याच छत्राखाली आला. मालक दोनदा बदलला. वाळूजमध्ये त्याविषयी भावनिक कल्लोळ झाला नाही, कारण ती बिअर ‘आपली’ असल्याचा दावा तेथे कोणी केलाच नव्हता. पुण्यात २००९ मध्ये देशातील पहिल्या क्राफ्ट ब्रुअरींपैकी एक सुरू झाली. तिचे ‘डूलाली’ हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून इंग्रजीत रुळलेल्या शब्दाचे. येथे आधी कारखाना आला, गावची चव मागाहून आली. त्यामुळे सेंट लुईसला झालेली जखम येथे झाली नाही; उद्या होणारच नाही, असे मात्र नाही.

सेंट लुईसच्या ग्राहकाने आपल्या परीने उत्तर दिले. त्याने पेला बदलला. बाजाराने त्याला तेवढा अधिकार दिलेला आहे आणि तो वापरला जातो तेव्हा बडी नावेही हादरतात. एकेकाळी अजिंक्य वाटणाऱ्या ‘बड लाइट’ला २०२३ मध्ये अमेरिकेतील किरकोळ विक्रीच्या उलाढालीत ‘मोडेलो’ने मागे टाकले, हे त्याचेच प्रत्यंतर. परंतु पेला निवडणे आणि उद्योगाचे भवितव्य ठरवणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिला अधिकार ग्राहकाचा, दुसरा मालकाचा. २००८ च्या उन्हाळ्यात सेंट लुईसपाशी पहिला होता, दुसरा नव्हता. आज तेथील पेयपानगृहांत अधिक चांगली बिअर मिळते, आणि तरीही शहराची स्थिती त्याबाबतीत तीच आहे. आपल्या गावच्या उद्योगाचा अभिमान मिरवणाऱ्या प्रत्येक शहराने त्या उद्योगाचे समभाग कोणाच्या हाती आहेत, हे एकदा पाहून ठेवलेले बरे.