पहारेकऱ्याचीच धाड

१९ जुलै २०२४, शुक्रवार. मुंबई विमानतळावर चेक-इनचं काम हाताने सुरू झालं, देशात काही ठिकाणी तर बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले गेले. संगणक बंद पडले होते; पण व्हायरस नव्हता की हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने सकाळी ९.३९ ला पाठवलेली एक छोटी फाइल होती. तिच्यात २१ रकाने गृहीत धरलेले, वाचणारा प्रोग्राम २० च पुरवणारा. एकविसावा शोधायला तो नको त्या मेमरीत शिरला आणि विंडोज कोसळलं. असं सुरक्षा सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात बसतं, त्यामुळे ते पडलं की सगळंच पडतं. सुमारे सव्वा तासात, १०.५७ ला, कंपनीने फाइल मागे घेतली. पण निळ्या पडद्यावर अडकून पुन्हापुन्हा सुरू होणाऱ्या संगणकाला हे कळणार कसं? जगभरात कोसळलेल्या सुमारे ८५ लाख संगणकांपैकी कित्येकांपुढे माणसाला बसावं लागलं: सेफ मोड, ड्रायव्हर्सचा फोल्डर, २९१ क्रमांकाची फाइल उडवा, रीस्टार्ट. त्यातही विंडोजच्या बिटलॉकर सुविधेने डिस्क कुलूपबंद असेल तर आधी ४८ अंकी किल्ली हवी; अनेक कचेऱ्यांत ती किल्ली ज्या सर्व्हरवर, तोच बंद! (२०१० मध्ये मॅकॅफी अँटीव्हायरसच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक फाइल व्हायरस ठरवली होती, तेव्हा हा प्रकार नवा नाही.) एवढ्यावरून अँटीव्हायरस काढू नका, मात्र ती किल्ली आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवा.