जाळं घेऊन उडाल्यावर पुढे काय?

चळवळीतल्या आपल्यापैकी पुष्कळजणींनी 'एक, अनेक और एकता' ही फिल्म लहानपणी पाहिली आहे, किंवा पुढे मुलांबरोबर बसून पाहिली आहे. १९७४ सालची, फिल्म्स डिव्हिजनची, जेमतेम सात मिनिटांची कार्टून फिल्म. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती इतक्या वेळा दाखवली गेली की ती तोंडपाठ असलेली एक पिढीच तयार झाली. शिबिरात संघटनेचं महत्त्व सांगायची वेळ आली की अजूनही हीच गोष्ट ओठांवर येते. पाखरं दाणे टिपायला उतरली, जाळ्यात सापडली, सगळी एकदम उडाली आणि जाळंच घेऊन गेली. इथं टाळ्या पडतात आणि आपण पुढच्या विषयाकडे वळतो.

फिल्म मात्र इथं संपत नाही. पाखरं उडतात तेव्हा ती जाळ्यातच असतात. गोष्ट अशी अर्ध्यावर सोडण्याची सवय आपल्या गटांना महागात पडते आहे, असं मला वाटतं. म्हणून ती पुन्हा एकदा नीट पाहायला हवी.

आधी ती कुणी केली ते सांगायला हवं, कारण आपल्यातल्या बऱ्याचजणींना ते ठाऊक नसतं. दिग्दर्शन विजया मुळे यांचं. मुंबईत १९२१ साली जन्मलेली ही मराठी बाई लग्नानंतर पाटण्याला गेली, तिथं शिकली, सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडमध्ये लीड्सला जाऊन आली, शिक्षणखात्यात अधिकारी झाली. देशातल्या फिल्म सोसायट्यांची चळवळ उभी करणाऱ्यांत त्या होत्या. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीनं खेड्यापाड्यांत दूरदर्शन पोचवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा मुलांसाठीचे शैक्षणिक कार्यक्रम करण्याच्या कामात त्या पुढे होत्या. सगळे त्यांना 'अक्का' म्हणत. अभिनेत्री सुहासिनी मुळे ही त्यांची मुलगी. २०१९ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी अक्का गेल्या. फिल्मचं संगीत वसंत देसाईंचं, चित्रं हलती केली भीमसेन यांनी, आणि त्यात गाणारा कोवळा आवाज आपल्या दाभोळच्या साधना घाणेकरचा, म्हणजे पुढे साधना सरगम म्हणून गाजलेल्या गायिकेचा. शैक्षणिक फिल्मचा राष्ट्रीय पुरस्कारही तिला मिळाला.

गोष्ट जुनीच, पंचतंत्रातली. पण तिथं कपोतांचा राजा चित्रग्रीव आहे. तो सांगतो, बाकीचे ऐकतात. अक्कांच्या फिल्ममध्ये राजा उरलेला नाही. थव्यातलीच एक चतुर चिमणी युक्ती सांगते, आणि ही सारी गोष्ट मुलांना सांगते ती एक मोठी ताई. शहाणपण सांगणारी मुलगी आणि वाट दाखवणारी चिमणी, हा बदल १९७४ साली कुठल्याही घोषणेशिवाय झाला. त्याचं श्रेय आपण अक्कांना आजवर पुरेसं दिलेलं नाही.

(मी मुद्दाम 'शिकारी' म्हणणार आहे. मराठीत ही गोष्ट सांगताना आपण सर्रास 'पारधी' म्हणतो. ती एक जमात आहे आणि जन्मानं गुन्हेगार ठरवून तिच्यातल्या बायामाणसांचा छळ अजून थांबलेला नाही. निदान आपल्या शिबिरांत तरी हा शब्द बदलूया.)

आता आपण गाळतो तो भाग. जाळं घेऊन पाखरं जातात ती आपल्या मित्रांकडे, उंदरांकडे. उंदीर बसून दातांनी एकेक दोर कुरतडतात, तेव्हा कुठं पाखरं सुटतात. उडायला क्षणभराची एकी पुरली. सोडवणुकीला लागले दात आणि चिकाटी. उडणं दिसायला छान असतं, मोर्चाचा फोटो वर्तमानपत्रात येतो. कुरतडणाऱ्यांचा फोटो कुणी काढत नाही. अर्ज लिहिणारी, कोर्टाच्या तारखेला सोबत जाणारी, पासबुकातल्या नोंदी तपासणारी, नियम वाचून दाखवणारी बाई ही आपल्या चळवळीतला उंदीर आहे. तिला भाषणाला कुणी उभं करत नाही आणि बहुधा मानधनही देत नाही.

हे आजच का बोलायचं, तर शिकाऱ्यानंही ही फिल्म पाहिलेली आहे. आपल्या सातारा-सांगलीच्या गावांत बचत गट आले ते आपलीच बचत, आपलाच निर्णय म्हणून. त्यांच्या पावलावर पाऊल टाकून फायनान्सवाले आले. तारण नको, कागदपत्रं थोडी, फक्त पाच-दहाजणींचा गट करा आणि एकमेकींची हमी घ्या. ऐकायला हे एकीचंच बोलणं वाटतं. पण एखादीचा नवरा आजारी पडला, ऊसतोडीचं किंवा हळदीचं काम मिळालं नाही आणि हप्ता चुकला, की बाकीच्याजणींना कामधंदा सोडून तिच्या दारात बसावं लागतं. 'तिनं भरले नाहीत तर तुम्ही भरा' असं सांगितलेलं असतं. शिकाऱ्याला आता जाळ्यावर पहारा ठेवावा लागत नाही, पाखरंच एकमेकींवर ठेवतात. काल हळदीकुंकवाला शेजारी बसलेल्या बाया आज एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. अशा गटात जाऊन 'बायांनो, एकी ठेवा' म्हणणं म्हणजे जाळं आणखी घट्ट ओढणं आहे.

इथं दात हवेत, आणि दात आहेत. रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली सूक्ष्म कर्जांसाठी नियम घालून दिले. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी व्हायची. बाई लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा तिथं आली नाही तरच माणूस घरी येऊ शकतो. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्रास, सगळ्याला मनाई. हे चार नियम मोठ्या अक्षरांत लिहून गटाच्या बैठकीच्या जागी लावले, तर रात्री आठ वाजता दारात येणाऱ्या माणसाला बोट दाखवून उत्तर देता येतं. हे काम अर्ध्या तासाचं आहे. ते केलेले गट किती, हे आपणच आपल्याला विचारावं.

फिल्मची सुरुवात मोजणीनं होते, हेही विसरायला नको. एक म्हणजे काय, अनेक म्हणजे काय, असं मुलं विचारतात. आपल्याच जिल्ह्यात म्हसवडला, माण तालुक्यात, १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली, ती मोजणीच्या जोरावर. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण संस्थापक सभासद बायका निरक्षर होत्या. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायला तयार झाल्या. परवाना मिळाला. एकी पहिल्या अर्जाच्या वेळीही होतीच. भर पडली ती अक्षरांची.

दारूबंदीच्या मतदानाचा हिशेबही असाच होता. शेजारच्या जावळी तालुक्यात आणि इतरत्र बायकांनी आडव्या बाटलीला मतं देऊन दुकानं बंद केली. ज्या नियमानं ही मतदानं झाली त्यात गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी आधी लेखी मागणी करायची, आणि मग यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. म्हणजे घरी बसलेली बाईही उभ्या बाटलीच्याच बाजूनं मोजली गेली. न उडणाऱ्या पाखराचंही वजन जाळ्यात असतं. म्हणून तिथं मतदानाच्या दिवसाच्या भाषणापेक्षा आधीचे दोन महिने यादी हातात धरून घरोघर फिरणं जास्त उपयोगी पडलं.

फिल्ममधली एक उणीवही सांगायला हवी. तिथलं 'अनेक' म्हणजे एकासारखे एक पुष्कळ. एक खार, अनेक खारी. एक चिमणी, अनेक चिमण्या. सगळ्यांचे दाणे सारखे, जाळं सारखं. बायका अशा एकसारख्या नसतात. वाईजवळच्या मेणवलीला 'स्वदेस' चं चित्रीकरण झालं होतं. २००४ च्या त्या सिनेमात गावातल्या फिल्मचा प्रसंग आहे. पडदा मधे, सवर्ण पुढच्या बाजूला, दलित मागच्या बाजूला. मागच्यांना तीच फिल्म उलटी दिसते. सिनेमात परदेशातून आलेला नायक पडदा बाजूला करतो. चळवळीत असा नायक आला नाही. मागच्याजणी स्वतःच उठल्या. दलित स्त्रियांनी १९९५ साली आपला वेगळा राष्ट्रीय महासंघ काढला. सांगलीत धंदा करणाऱ्या बायांनी १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली आणि 'आम्हाला न विचारता आमची सुटका करू नका' असं आपल्यालाच ठणकावलं. तेव्हा आपल्यातल्या काहींनी 'एकी मोडता' असा सूर लावला. ज्यांच्या पायात दोर जास्त, त्यांनाच गप्प राहायला सांगणारी ती एकी होती. पंचतंत्रातला राजा चित्रग्रीव उंदराला म्हणतो, आधी माझ्या लोकांचे दोर काढ, मग माझे. राजाला कळलेली ही गोष्ट बिनराजाच्या थव्यालाही कळायला हवी.

तेव्हा मैत्रिणींनो, फिल्म जरूर दाखवा. सात मिनिटांचं काम आहे, आणि लहान मुलं घेऊन येणाऱ्या बायांच्या बैठकीत मुलंही रमतील. फक्त पाखरं उडाली की टाळ्या वाजवून थांबू नका. उंदीर येईपर्यंत थांबा आणि मग गोल करून बसा. आपल्या गटाच्या अंगावर आत्ता कुठलं जाळं आहे, ते बायांना सांगू द्या. कुणाच्या पायात दोर जास्त आहेत, आणि त्या बाईला आपण कधी बोलू दिलं का, हे विचारा. आपल्यात दात कुणाला आहेत, आणि नसतील तर ते शिकायला कुणाला, कुठं पाठवायचं, हे त्याच बैठकीत ठरवून वहीत लिहा. फिल्ममधली मुलं शेवटी ताईला विचारतात, एकत्र आलो तर झाडावरचे आंबेही काढता येतील का? ताई म्हणते, येतील, पण युक्ती करावी लागेल. आंबे अजून झाडावरच आहेत.