विश्लेषण : शेजारच्या अंगणातील यंत्राचा आवाज कायद्यापर्यंत कसा पोहोचला?

शनिवारची सकाळ, शेजारच्या अंगणात पालापाचोळा उडवणारे पेट्रोलचे यंत्र आणि बंद खिडकीतूनही आत येणारी त्याची घरघर. अमेरिकेच्या उपनगरांत शेजाऱ्यांमधील वादाचे हे अगदी नेहमीचे कारण. करोनाकाळात घरूनच काम सुरू झाल्यावर हा आवाज शनिवार-रविवारपुरता उरला नाही. ‘लीफ ब्लोअर’ नावाच्या या यंत्रावर वॉशिंग्टन डीसीने बंदी घातली, कॅलिफोर्नियाने त्याच्या नव्या पेट्रोल इंजिनांना मज्जाव केला, तर जॉर्जियाने उलट अशा बंदीवरच बंदी आणली. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या भांडणात आरोग्य, प्रदूषण आणि स्थलांतरित मजुरांची रोजीरोटी गुंतलेली आहे. शेजाऱ्याला शांतता हवी हे खरे, पण त्या शांततेचा खर्च कोणी सोसायचा, हा या वादातील खरा प्रश्न आहे.

हे यंत्र अंगणात आले कुठून?

पाठीवर अडकवायच्या शेती-फवारणी पंपांतून हे यंत्र विकसित झाले. जपानी कंपन्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकी बाजारात आणले. त्याच दशकाच्या मध्यास कॅलिफोर्नियात तीव्र दुष्काळ पडला आणि फरशी, वाटा पाण्याने धुण्यावर निर्बंध आले. पाण्याऐवजी हवेच्या झोताने अंगण साफ करणारे हे यंत्र तेव्हा सोयीचे ठरले. ज्या कामाला खराट्याने तास लागायचा, ते काही मिनिटांत होऊ लागले. १९९०च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला आठ लाखांहून अधिक लीफ ब्लोअर विकले जात होते.

तक्रारीही तेव्हापासूनच्याच आहेत. कॅलिफोर्नियातील कार्मेल-बाय-द-सी या छोट्या गावाने १९७५ मध्येच या यंत्रावर बंदी घातली आणि काही वर्षांत बेव्हर्ली हिल्सनेही तोच मार्ग धरला. म्हणजे यंत्र आणि त्यावरील वाद जवळपास बरोबरीनेच वाढले.

आवाज इतका का टोचतो?

याचे एक कारण आवाजाच्या पातळीत आहे. पेट्रोल ब्लोअरचा आवाज १५ मीटर अंतरावरून मोजला तर साधारण ६५ ते ७५ डेसिबल भरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. या हिशेबाने ७५ डेसिबलचे यंत्र ५५ डेसिबलपर्यंत खाली यायला दीडशे मीटर अंतर लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसा घराबाहेर सतत ५५ डेसिबलचा आवाज असेल, तर तो गंभीर त्रासदायक ठरतो. दोन बंगल्यांत दीडशे मीटर अंतर क्वचितच असते. त्यामुळे एका अंगणातील यंत्राचा उपद्रव त्याच्या एकाच नव्हे, तर आसपासच्या अनेक घरांना होतो.

दुसरे कारण आवाजाच्या जातीत आहे. पेट्रोल इंजिनाच्या आवाजात कमी कंप्रतेचा, म्हणजे खर्जातला भाग मोठा असतो. तो दूरवर जातो आणि भिंती-खिडक्यांनी फारसा अडत नाही. साध्या डेसिबलमापनात हा खर्ज पुरेसा मोजला जात नाही, म्हणून आकडा मर्यादेत दिसूनही घरातला माणूस वैतागलेला असू शकतो. त्यात चढउतार करणारा, केव्हा थांबेल याचा अंदाज न येणारा आवाज एकसुरी आवाजापेक्षा अधिक त्रास देतो.

प्रश्न फक्त आवाजाचा आहे का?

नाही. यातील बहुतेक जुनी यंत्रे टू-स्ट्रोक इंजिनावर चालतात. त्यांत पेट्रोल आणि वंगण तेल एकत्र जाते आणि इंधनाचा मोठा हिस्सा न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाच्या गणितानुसार, व्यावसायिक लीफ ब्लोअर तासभर चालवला तर धुरके निर्माण करणारे जितके प्रदूषण होते, तितके एखादी नवी मोटार सुमारे ११०० मैल, म्हणजे साधारण १७७० किलोमीटर चालवल्यावर होते. लॉस एंजलिस ते डेन्व्हर एवढा हा प्रवास.

सर्वाधिक झळ मात्र तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याला नव्हे, तर यंत्र पाठीवर घेतलेल्या माळ्याला बसते. त्याच्या कानाशी हा आवाज ९५ डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. अमेरिकेची व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्था ‘नायॉश’ आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबलची मर्यादा सुचवते. त्यापुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटे उरते. हे कामगार दिवसभर एका घरामागून दुसरे घर करत असतात. कान झाकले नाहीत, तर त्यांची श्रवणशक्ती कायमची जाण्याचा धोका असतो.

शेजाऱ्याशी बोलून हे मिटत नाही का?

मिटू शकते, आणि सुरुवात तिथूनच व्हावी असे मध्यस्थीचे काम करणारेही सांगतात. शेजारी स्वतः यंत्र चालवत असेल तर ‘तुमचा फार आवाज होतो’ या तक्रारीपेक्षा नेमकी विनंती उपयोगी पडते. बाळ दुपारी एक ते तीन झोपते किंवा मंगळवारी सकाळी ऑनलाइन बैठक असते, तेवढा वेळ टाळता येईल का, असे विचारले तर समोरच्याला मान्य करता येण्याजोगे काही मिळते. काम ठेकेदाराचे असेल तर त्याच्या माणसांशी वाद घालून उपयोग नसतो. वेळ घरमालक आणि ठेकेदार ठरवतात.

बोलून भागले नाही, तर पुढच्या पायऱ्या आहेत. बहुतेक अमेरिकी शहरांत यंत्रांच्या वापराचे तास ठरलेले असतात. वसाहतीची घरमालक संघटना असेल तर तिचे नियम वेगळे. त्यानंतर नगरपालिकेकडे तक्रार, सामुदायिक मध्यस्थी केंद्र आणि अगदी शेवटी उपद्रवाचा दिवाणी दावा. प्रत्येक पायरीवर तारीख, वेळ आणि कालावधीची नोंद लागते. ‘नेहमीच होते’ या शब्दांना अधिकाऱ्यापुढे फारशी किंमत नसते.

अडचण इथेच आहे. नियमात बसणारा आवाजही रोजचा झाला की असह्य होतो. एका घराचे काम सोमवारी, दुसऱ्याचे मंगळवारी, तिसऱ्याचे बुधवारी असेल, तर प्रत्येक शेजारी नियम पाळत असूनही गल्लीत आठवडाभर शांतता नसते. दोष कोणा एकाचा नसेल, तर तक्रार कोणाविरुद्ध करायची? त्यामुळेच अनेक शहरे व्यक्तीविरुद्धच्या तक्रारीकडून यंत्रावरील नियमाकडे वळली.

लॉस एंजलिसचा धडा काय?

या शहराने निवासी घरांपासून ५०० फुटांच्या, म्हणजे सुमारे दीडशे मीटरच्या आत पेट्रोल ब्लोअर वापरण्यास १९९८ मध्ये बंदी लागू केली. मागणी करणाऱ्यांत सुखवस्तू वस्त्यांतील रहिवासी होते आणि फटका बसणार होता तो प्रामुख्याने लॅटिन अमेरिकेतून आलेल्या माळ्यांना. जानेवारी १९९८ मध्ये या माळ्यांनी नगरभवनासमोर उपोषण केले. यंत्र काढून घेतले तर एका दिवसात होणारी घरे कमी होतील, मात्र मालक जादा पैसे देणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

बंदी कायम राहिली, पण कागदावरच. पोलीस पोहोचेपर्यंत काम संपलेले असे आणि गंभीर गुन्हे सोडून पालापाचोळ्यामागे धावण्यात पोलिसांनाही रस नव्हता. पुढची अनेक वर्षे शहरात पेट्रोल ब्लोअर सर्रास वाजत राहिले. अंमलबजावणीची यंत्रणा नसलेला आणि पर्याय न देणारा नियम ना शेजाऱ्याला शांतता देतो, ना कामगाराला सुरक्षितता, हे यातून दिसले.

नव्या कायद्यांत वेगळे काय आहे?

वॉशिंग्टन डीसीने २०१८ मध्ये कायदा केला, पण तो लागू झाला १ जानेवारी २०२२ पासून. मधल्या काळात ठेकेदारांना बॅटरीवरील यंत्रे घेण्यास अवधी मिळाला. बंदी वापराबरोबर विक्रीवरही आहे आणि दंड ५०० डॉलरपर्यंत होऊ शकतो. तक्रार पोलिसांकडे नव्हे, तर परवाने देणाऱ्या विभागाकडे नोंदवायची असल्याने ती करणेही सोपे झाले. ज्येष्ठ पत्रकार जेम्स फॅलोज या मोहिमेत होते. त्यांनी ‘द अटलांटिक’मध्ये २०१९ साली त्याविषयी लिहिले तेव्हा हा स्थानिक वाद देशभर पोहोचला.

कॅलिफोर्नियाने आणखी मागे, थेट कारखान्यापर्यंत जाण्याचा मार्ग निवडला. ऑक्टोबर २०२१ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ‘एबी १३४६’ या विधेयकावर स्वाक्षरी केली. त्यानुसार २०२४ पासून बनणारी बागकामाच्या यंत्रांची नवी छोटी इंजिने शून्य उत्सर्जनाची असावीत, असा नियम झाला. हातात असलेली जुनी यंत्रे वापरण्यास राज्याने मनाई केली नाही. छोट्या व्यावसायिकांना नवी यंत्रे घेता यावीत म्हणून तीन कोटी डॉलरची तरतूद केली. लॉस एंजलिसच्या उपोषणातून पुढे आलेल्या प्रश्नाला, उशिरा का होईना, दिलेले हे अर्धे उत्तर म्हणता येईल.

अर्धे अशासाठी, की बॅटरीचे व्यावसायिक यंत्र महाग असते आणि दिवसभराच्या कामाला अनेक बॅटऱ्या लागतात. त्या चार्ज कुठे करायच्या, हाही प्रश्न असतो. ओल्या, साचलेल्या पानांपुढे तिची ताकद अपुरी पडते, अशी ठेकेदारांची तक्रार असते. शिवाय बॅटरीचे यंत्र अगदी नि:शब्द नसते. धूर आणि खर्जातला आवाज कमी होतो, हवेच्या झोताचा आवाज राहतोच.

बंदीला विरोध कोणाचा?

जॉर्जियाने २०२३ मध्ये कायदा करून स्थानिक संस्थांना पेट्रोल ब्लोअरवर विद्युत यंत्रांपेक्षा वेगळे निर्बंध घालण्यापासून रोखले. टेक्सासनेही त्याच वर्षी इंजिनाच्या इंधनावरून भेद करण्यास शहरांना मनाई केली. छोट्या व्यवसायांवर बोजा नको, हा युक्तिवाद त्यामागे आहे. अंगणातील यंत्राचा वाद अशा रीतीने शहर विरुद्ध राज्य आणि पेट्रोल विरुद्ध वीज या मोठ्या राजकीय वादाचा भाग झाला.

जर्मनीने वेळेचा मार्ग कसा काढला?

जर्मनीत २००२ पासून घराबाहेरील यंत्रांच्या आवाजासाठी देशव्यापी नियम आहे. निवासी भागात रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पूर्ण वेळ, तर इतर दिवशी रात्री ८ ते सकाळी ७ अशी यंत्रे चालवता येत नाहीत. लीफ ब्लोअर आणि गवत कापण्याच्या काही यंत्रांना आणखी कडक बंधन आहे. युरोपीय पर्यावरण चिन्ह नसेल, तर ती सकाळी ९ ते दुपारी १ आणि दुपारी ३ ते ५ एवढ्याच वेळेत चालवता येतात. कमी आवाजाचे यंत्र घेणाऱ्याला अधिक तास मिळतात. शांततेची वेळ सर्वांना आधीच ठाऊक असल्याने शेजाऱ्याच्या दारात जाऊन रदबदली करावी लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

महाराष्ट्रात काय स्थिती?

इथे पानझडीचे अंगण थोड्यांकडेच, पण प्रश्न परका नाही. कोकणात पावसाळ्यानंतर बागांत आणि बंगल्यांच्या आवारात चालणारा पेट्रोल ग्रास कटर हा लीफ ब्लोअरचाच भाऊबंद. शहरांतील सोसायट्यांत त्याची जागा नूतनीकरणाच्या ड्रिल मशीनने घेतली आहे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती १० डेसिबल किंवा अधिकने ओलांडली गेली तर प्राधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात पोलिसांकडे, तक्रार करता येते. २०१० मधील दुरुस्तीने निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकाम यंत्रे वापरण्यास मनाई केली. मात्र ही मर्यादा कालावधीच्या सरासरीवर मोजली जाते. दहा मिनिटांचा कर्कश आवाज सरासरीत विरघळून जातो. दिवसाच्या सोळा तासांत शांततेची वेळ कोणती, याबाबत हे नियम काही सांगत नाहीत. ती पोकळी भरायची तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कामाचे तास, दुपारची विश्रांतीची वेळ आणि सुट्टीचे दिवस ठरवणे, एवढाच सोपा उपाय हाती उरतो.

पुढे काय?

सिएटल, पोर्टलंड यांसारख्या शहरांनी पेट्रोल ब्लोअर टप्प्याटप्प्याने हटवण्याचा निर्णय घेतला आहे. पोर्टलंडच्या योजनेत २०२६ पासून पानगळीचे महिने वगळता वापरबंदी आणि २०२८ पासून पूर्ण बंदी असे टप्पे आहेत. बॅटऱ्या स्वस्त होतील तशी ही वाट सोपी होईल. तोवर यश कशावर ठरेल, याचा अंदाज आजवरच्या अनुभवावरून येतो. मुदत आगाऊ जाहीर झाली, दंडाची जबाबदारी केवळ माळ्यावर न टाकता काम देणाऱ्या घरमालकावरही आली आणि यंत्र बदलण्याचा खर्च वाटून घेतला गेला, तर नियम टिकेल. नाहीतर गल्लीतल्या शांततेची किंमत तीच माणसे मोजत राहतील, ज्यांच्या कानाशी ते यंत्र सर्वांत जवळ असते.